उरलेलं कापड आणि विकत आणलेलं कापड : ‘मॉडर्न क्विल्ट’ कसा बघावा?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समीक्षा म्हटलं की आपल्याला कविता आठवते, कादंबरी आठवते, फार तर सिनेमा आणि चित्रप्रदर्शन. शिवणकामाचीही समीक्षा होऊ शकते, हे सहसा मनात येत नाही. गोधडी छान असते, उबदार असते, आजीची असते. ‘आजीची’ हा शब्द आला की बोलणंच संपलं! आजीच्या गोधडीला नावं कोण ठेवणार? (हशा) पण जिच्यात डावं-उजवं करायचं नाही असं आपण ठरवलंय, तिचं कौतुकही मग मोघमच राहतं. सगळ्याच गोधड्या छान. मग एखादी खरोखर थोर असली तर ती ओळखायची कशी?

आज मी अमेरिकेतल्या ‘मॉडर्न क्विल्ट’ चळवळीबद्दल बोलणार आहे. गावोगावी गट करून, महिन्यातून एकदा जमून, मिळून क्विल्ट शिवणाऱ्या लोकांची ही चळवळ. शेवटी थोडं आपल्या गोधडीकडेही येईन. मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. क्विल्टचं जे रूप आज ‘मॉडर्न’ म्हणून मिरवतं, त्याचा मोठा भाग टंचाईतून जन्मला. हातात असलेलं कापड पुरवायचं कसं, या रोजच्या प्रश्नातून. आजच्या गटांकडे कापडाची टंचाई नाही. म्हणून ते नियम करतात आणि टंचाई मुद्दाम तयार करतात. त्यात चूक काही नाही. वृत्तात लिहिणारा कवीही तेच करतो. पण मग पारख करताना तीन प्रश्न विचारावे लागतात. कापड कुठून आलं? निर्णय कोणी घेतले? आणि शिवलेली वस्तू कोणाच्या अंगावर जाणार?

आधी थोडी ओळख. २००९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अलिसा हेट कार्लटन आणि लतिफा साफिर यांनी ‘मॉडर्न क्विल्ट गिल्ड’ सुरू केलं. त्या काळात इंटरनेटवर स्वतःच्या शिवणाचे फोटो टाकणाऱ्या, एकमेकींना ओळखू लागलेल्या पुष्कळ जणी होत्या. प्रत्यक्ष भेटायला जागा हवी होती. एका शहरात गट निघाला, मग दुसऱ्या, तिसऱ्या, आणि बघता बघता देशाबाहेरही. २०१३ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात त्यांचं पहिलं मोठं संमेलन भरलं, ‘क्विल्टकॉन’. तिथे प्रदर्शन असतं, परीक्षक असतात, बक्षिसं असतात.

या मंडळींची आवड काय? एकरंगी, ठसठशीत कापड. मोठी मोकळी जागा. चौकटी मोडलेल्या किंवा एका बाजूला सरकवलेल्या. पट्ट्या मोजून न कापता अंदाजाने कापलेल्या, त्यामुळे थोड्या तिरप्या. आणि त्यांचा एक आग्रह फार महत्त्वाचा आहे: क्विल्ट वापरायचा असावा, तो मुळात पांघरूण आहे हे विसरू नये.

स्थानिक गटात काय चालतं? महिन्याची बैठक होते, एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा चर्चच्या हॉलमध्ये. सुरुवातीला प्रत्येक जण आपलं काम उलगडून दाखवतो. अर्धवट राहिलेल्या कामांची तिथे थट्टाही होते. त्यांना ‘यूएफओ’ म्हणतात, म्हणजे न संपलेल्या वस्तू. एकत्र बसून शिवायचे दिवस असतात. मग सामूहिक प्रकल्प. एक प्रकार ‘बी’चा: दर महिन्याला एका सभासदासाठी बाकीचे सगळे एकेक ब्लॉक, म्हणजे एकेक चौकोन, शिवून देतात. दुसरा प्रकार ‘राउंड रॉबिन’: तुम्ही मधला चौकोन करायचा, तो पुढच्याकडे द्यायचा, त्याने भोवती एक पट्टी लावायची, मग पुढच्याने आणखी एक. तुमच्याकडे परत येतो तेव्हा तो तुमचा असतो आणि नसतोही. आणि तिसरा प्रकार दानाचा: सगळ्यांनी मिळून शिवायचा आणि इस्पितळाला, निवारागृहाला किंवा अशाच एखाद्या संस्थेला द्यायचा.

ही सगळी फार चांगली गोष्ट आहे. माणसं जमतात, हात चालतात, गप्पा होतात. पण मी इथे समाजसेवेचं प्रमाणपत्र द्यायला आलेलो नाही. (हशा) मला बघायचंय की या गटांतून काम कसं निघतं, आणि चांगलं निघतं तेव्हा ते का चांगलं असतं.

त्यासाठी हे ‘मॉडर्न’ रूप आलं कुठून, ते बघू या. याच्या दोन तारखा लक्षात ठेवा. पहिली १९७१. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जुन्या अमेरिकन क्विल्टचं एक प्रदर्शन भरलं. जोनाथन होलस्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांच्या संग्रहातलं. त्यांनी क्विल्ट पलंगावर न घालता भिंतीवर टांगले, अमूर्त चित्रांसारखे. लोक थक्क झाले. ज्या रचना चित्रकारांनी विसाव्या शतकात केल्या, त्यांच्यासारख्या रचना शेतकऱ्यांच्या बायकांनी त्याच्या कितीतरी आधी कापडात केल्या होत्या! प्रदर्शन गाजलं. पण १९७३ मध्ये पॅट्रिशिया मेनार्डी या कला-इतिहासकार बाईंनी एक लेख लिहिला आणि खडे बोल सुनावले. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: क्विल्ट ही स्त्रियांनी घडवलेली, स्वतःची परंपरा असलेली कला आहे. पुरुष चित्रकारांसारखी दिसते म्हणून ती मोठी, हे मोजमापच उलटं आहे. आणि करणारणीचं नाव कुठे आहे?

हा आक्षेप आजही शिळा झालेला नाही. एखादी गोधडी अमुक चित्रकाराच्या चित्रासारखी दिसते असं म्हणणं म्हणजे कौतुक करायचं, पण उसन्या शब्दांत. चित्रकार रंग निवडतो. गोधडी शिवणारी, निदान जुन्या काळची, रंग निवडत नव्हती. तिच्याकडे जे आलं त्यातून तिला मांडणी करायची होती. ही निर्णयाची वेगळीच जात आहे, आणि तिच्या मापानेच ती मोजली पाहिजे.

दुसरी तारीख २००२. अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या वळणात एक वस्ती आहे, ‘जीज बेंड’. एकोणिसाव्या शतकात तिथे कापसाचा मळा होता आणि गुलाम होते. पुढे मालकी पेटवे नावाच्या कुटुंबाकडे गेली, आणि त्याच मालकाचं आडनाव गुलामांच्या वंशजांकडे राहिलं. म्हणून आजही तिथल्या निम्म्या नावांत ‘पेटवे’ दिसतं. तीन बाजूंनी नदी. १९३२ मध्ये सावकारीच्या वसुलीत लोकांची जनावरं, अवजारं, धान्यसुद्धा उचलून नेलं. १९६२ मध्ये तालुक्याच्या ठिकाणी नेणारी नाव बंद झाली. ते दिवस कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणीचे होते. नाव बंद झाली की पलीकडे जायला रस्त्याने मोठा वळसा. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं.

या वस्तीतल्या बायकांनी घरात थंडी लागते म्हणून क्विल्ट शिवले. २००२ मध्ये ते ह्यूस्टनच्या कला-संग्रहालयात आणि मग व्हिटनीत लागले. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने आधुनिक अमेरिकन कलेतल्या सर्वांत विस्मयकारक कामांत त्यांची गणना केली. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. आणि सात वर्षांनी जी मॉडर्न क्विल्ट चळवळ उभी राहिली, तिने प्रेरणा म्हणून ज्यांची नावं घेतली त्यांत जीज बेंड अगदी वरती आहे.

आता त्यातला एक क्विल्ट आपण नीट बघू. मिसूरी पेटवे, १९४२. साधारण साडेसात फूट लांब, पावणेसहा फूट रुंद. सुती कापड, कॉर्डरॉय आणि पोत्याचं सुती कापड. मिसूरीचा नवरा वारला होता. तिची मुलगी अर्लोन्झिया हिने पुढे सांगितलं, की आईने बाबांचे कामाचे कपडे घेतले आणि म्हणाली, याचा क्विल्ट करते, त्यांची आठवण राहील आणि त्यांच्या मायेच्या पांघरुणाखाली झोपता येईल.

ही गोष्ट ऐकली की आपले डोळे पाणावतात, आणि आपण बघणंच बंद करतो. जरा थांबू या. कपड्यांचं काय केलंय तिने? शेतात काम करणाऱ्या माणसाचे कपडे सगळीकडे सारखे झिजत नाहीत. गुडघा जातो, बूड जातं. धड कापड राहतं ते पायाच्या लांबट भागात. म्हणून पट्ट्या लांब आहेत. शिवणीच्या आत दुमडलेलं कापड उन्हाला लागत नाही, त्यामुळे शिवण उसवली की तिथे मूळ गडद रंग निघतो, आजूबाजूला विटलेला. हे असे फिके-गडद पट्टे नुसत्या उन्हानं आणि धुण्यानं तयार झालेले असतात. आता ते कुठे ठेवायचे, कुठल्या फिक्या तुकड्याशेजारी कुठला गडद, हा निर्णय मात्र पूर्णपणे तिचा. डाग तिने लपवलेले नाहीत. चौकट सरळ नाही, पण डळमळीतही नाही. दुःख मोठं होतं म्हणून हा क्विल्ट मोठा आहे असं म्हणू नका. दुःख पुष्कळांना झालं. हिने त्या झिजेतून रचना काढली.

आता याच वस्तीतलं दुसरं उदाहरण, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकं. १९६६ मध्ये तिथल्या आणि आसपासच्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. नागरी हक्कांच्या चळवळीतून निघालेली संस्था. क्विल्ट न्यूयॉर्कला लिलावात विकले गेले, मग ब्लूमिंगडेल्ससारख्या मोठ्या दुकानांत. आणि दुकानाला काय हवं असतं? एकसारखा माल. एकच नमुना, एकच माप, शिवण सरळ. म्हणजे घरी जी बाई ‘माझ्या पद्धतीचा’ म्हणून मनाला येईल तसा क्विल्ट शिवत होती (तिथे खरोखरच अशा कामाला ‘माय वे’ म्हणतात), तिला संस्थेत येऊन पट्टी लावून शिवावं लागलं. पुढे १९७२ पासून सिअर्स कंपनीचं मोठं काम मिळालं: कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे. ढिगाने अभ्रे, सगळे सारखे.

पण अभ्रे कापले की कपटे उरतातच ना! सोनेरी पिवळे, हिरवट, नारिंगी, लाल कॉर्डरॉयचे कपटे. ते बायका घरी घेऊन गेल्या. कॉर्डरॉय जाड असतं, त्याचे बारके तुकडे जोडायला गेलं की शिवणी फुगतात. म्हणून आकार आपोआप मोठे झाले, रचना सोपी झाली. शिवाय त्यावर उभ्या रेघा असतात. तुकडा आडवा लावला की त्याच रंगाची छटा बदलते. हे हातांना कळलं आणि त्यांनी ते वापरलं. एका रंगातून दोन रंग काढले. दुकानाला पाठवलेले अभ्रे आज कुणाला आठवत नाहीत. कपट्यांचे क्विल्ट संग्रहालयात आहेत.

बघा काय झालं. १९७० च्या सुमाराला बाजार म्हणाला, वाकडं चालणार नाही. २००२ मध्ये कलेचं जग म्हणालं, वाकडं तेच खरं. बायका त्याच, हात तेच. दोन्ही वेळा मोजपट्टी बाहेरून आली. आणि दोन्ही वेळा पैशाचा प्रश्न होताच. २००७ मध्ये जीज बेंडच्या काही क्विल्टर स्त्रियांनी आपल्या कामाचे हक्क आणि मोबदला यांवरून न्यायालयात दावे लावले. २००८ मध्ये ते तडजोडीने मिटले. त्या निकालात मी शिरत नाही. पण रूप गाजलं म्हणजे करणारीचं भलं झालं असं धरून चालू नये, एवढं त्यातून दिसतं.

या पार्श्वभूमीवर परत गटाच्या बैठकीत येऊ. टेबलावर काय आहे? एकरंगी सुती कापडाच्या एकाच कंपनीच्या नमुना-पत्रकात आज ३०० हून अधिक रंग मिळतात. ‘जेली रोल’ नावाची वस्तू मिळते: अडीच इंच रुंदीच्या, यंत्राने कापलेल्या पट्ट्यांची गुंडाळी, रंग आधीच जुळवून ठेवलेले. म्हणजे थोडक्यात चिंध्या विकत. (हशा) हसू नका, त्यात सोय आहे. नोकरी करून, मुलं सांभाळून रात्री तासभर शिवणाऱ्याला ती सोय मोलाची आहे. पण त्या पट्टीत कोणाचा गुडघा झिजलेला नाही. तिचा फिका-गडदपणा कारखान्यात ठरला. मग शिवणाऱ्याने ठरवायचं काय उरलं?

चांगले गट इथे हुशारी करतात, ते स्वतःला बंधन घालून घेतात. क्विल्टकॉनसाठी स्थानिक गटांना ठरावीक रंगसंगती आणि एखादं सूत्र देऊन सामूहिक क्विल्ट करायला सांगण्याची प्रथा आहे. एवढेच रंग, एवढंच सूत्र, आणि वीसेक जणांचे हात. प्रदर्शन झालं की तो दानात जातो. कागदावर ही कल्पना उत्तम आहे. टंचाई परत आली, सामूहिकता आली, उपयोगही आला.

प्रत्यक्षात यातून दोन प्रकारचे क्विल्ट निघतात. पहिल्या प्रकारात एक-दोन जणी संगणकावर आधीच आराखडा करतात आणि बाकीच्यांना सांगतात, तू हे बारा तुकडे अमक्या मापाने शिवून आण. क्विल्ट देखणा होतो. लांबून तर फारच. पण वीस हात असून निर्णय एकाचाच. म्हणजे सिअर्सच्या अभ्र्यांचीच पद्धत. फरक इतकाच की इथे मजुरी नाही आणि नाश्ता आहे. (हशा) दुसऱ्या प्रकारात नियम मोजके ठेवतात: रंग हे, माप हे, आत काय करायचं ते तुमचं. मग ब्लॉक येतात, एक फार गडद, एक फार बारीक, एकीने माप चुकवलेलं. आता बैठकीत सगळे जमिनीवर मांडून तासन्‌तास सरकवायचे. चुकलेल्याला पट्टी जोडून मापात आणायचं. खरी क्विल्ट-रचना इथे होते. कारण आता त्यांच्यापुढे ‘आलेलं’ कापड आहे, निवडलेलं नाही. एकमेकींचे ब्लॉक हीच त्यांची चिंधी. राउंड रॉबिन मला म्हणूनच आवडतो. आधीच्याने जे करून ठेवलं त्याला नाही म्हणता येत नाही, उत्तर द्यावं लागतं.

आता टाक्याबद्दल. मॉडर्न क्विल्टमध्ये वरचा थर, मधला कापूस आणि खालचं अस्तर यांना एकत्र शिवण्याचं काम पुष्कळदा दुसऱ्याकडे देतात. लांब बाहूचं मोठं मशीन असतं, ते चालवणारे व्यावसायिक असतात. वरच्या थरावर एवढा विचार करायचा आणि टाके परस्पर टाकून घ्यायचे. प्रदर्शनाच्या पाटीवर ‘क्विल्टिंग अमुकने केलं’ असं लिहितात, हे त्यांचं चांगलं आहे, श्रेय देतात. पण क्विल्ट म्हणून पाहिलं तर टाका ही दुसरी रेषा आहे. वरच्या रंगांना ती साथ देते, नाहीतर विरोध करते. मोकळी जागा मोठी ठेवायची आणि ती मशीनच्या एकसुरी वेलबुट्टीने भरून टाकायची, हे मी वारंवार पाहतो. तिथे मोकळी जागा मोकळी राहिलीच नाही.

सामूहिक शिवणात बंधन किती अर्थ देऊ शकतं, याचं एक मोठं उदाहरण सांगतो. एड्सने गेलेल्यांच्या स्मरणाचा क्विल्ट. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर तो पहिल्यांदा अंथरला तेव्हा त्यात १,९२० तुकडे होते. पुढे त्यांची संख्या काही दहा हजारांवर गेली. नियम एकच: प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट. साधारण एका कबरीएवढा. बाकी तुम्हाला हवं ते. कुणी जीन्स लावली, कुणी मऊ खेळणं, कुणी नुसतं नाव. पुष्कळांना शिवता येत नव्हतं, शिवण म्हणून बरेच तुकडे कच्चे आहेत. पण सगळं मैदान त्या एका मापाने बोलतं. इथे नियम मौज म्हणून केलेला नाही. गटाने नियम करावा तो असा, ज्याला काही कारण आहे.

आता आपल्या जवळ येऊ. मुद्दाम एका टप्प्याने येतो, कारण मधला दुवा खरा आहे. गोव्याला लागून उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचा मोठा अंश आहे. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला ‘कवंदी’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत अमेरिकन क्विल्टरांमध्ये कवंदीच्या कार्यशाळा होऊ लागल्या आहेत. का? कारण पद्धत वेगळी आहे. त्यांच्याकडे आधी वरचा थर जोडतात, मग टाके. कवंदीत कापड अंथरून कडेला सुरुवात करायची. तुकड्याची कड बोटाने दुमडायची आणि धावदोऱ्याने थेट सगळ्या थरांतून शिवत आत, मध्यापर्यंत यायचं. जोडणं आणि टाके घालणं एकच क्रिया. आराखडा आधी नाहीच, तो हाताबरोबर पुढे सरकतो. शेवटी चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी ‘फुलं’. ती नसली तर कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

कार्यशाळेत शिकलेली कवंदी मी नाकारत नाही. शिकू द्यावं. पण टेबलाएवढी, भिंतीवर लावायची, नव्या कापडाची कवंदी बघताना पहिला प्रश्न विचारावा: कापड कुठून आलं? ती पद्धत जुन्या, मऊ, वेड्यावाकड्या तुकड्यांसाठी घडली आहे. नव्या, कडक, चौकोनी कापलेल्या कापडावर ती वापरली की कृती तीच राहते, पण तिचं कारण निघून जातं.

आणि आता आपण. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा. आपल्या भाषेत ‘ठिगळ’ हा शब्द कमीपणाचा आहे. आभाळच फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार, असं आपण हताशपणे म्हणतो. पण जुन्या बायकांचं कापडाचं शहाणपण बघा. लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग काढून दोन धड टोकं जोडायची, याला ‘दंड घालणे’ म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी काही काळ नेसायचं. तेही विरलं की त्याचे थर गोधडीत जायचे, काठ निघायचे ते कडेला लागायचे. बारक्या तुकड्यांची दुपटी व्हायची. म्हणजे तीन-चार वेळा निर्णय घेऊन मग ते कापड गोधडीत पोचलेलं असायचं. शिवताना बाहेरच्या कडेने धावदोरा घालत आत यायचं, चौकोनात चौकोन. हाताने घातलेला तो टाका सारखा नसतो, आणि त्यामुळे गोधडीवर जी बारीक लाट उठते ती मशीनच्या टाक्याला येत नाही.

सिंथेटिक साड्या आल्या आणि ही गोधडी बदलली. कापड निसटतं, घाम शोषत नाही, आणि मुख्य म्हणजे विरत नाही. जे विरत नाही त्याला दंड कशाला घालायचा? आज शहरात दुकानांत ‘हँडमेड गोधडी’ मिळते: नवं छापील सुती कापड, आत पॉलिएस्टरचा थर, मुद्दाम लावलेली दोन-चार ठिगळं. तिलाही मी सरसकट नावं ठेवणार नाही. पण पाठ उलटून बघा. टाका हाताचा आहे का? असला तर कोणाच्या हाताचा? दुकानाचं नाव ठळक असतं. जिने आठ-दहा दिवस मान खाली घालून टाके घातले तिचं नाव कुठेच नसतं. गोधडीमागे ठरलेला दर हातावर ठेवला की संपलं.

इथे अमेरिकन गटांकडून एक साधी गोष्ट घ्यावी. ते क्विल्टच्या पाठीला एक पट्टी शिवतात. तिच्यावर कोणी जोडला, टाके कोणी घातले, कोणासाठी, कुठल्या साली, हे लिहिलेलं असतं. मेनार्डीबाईंनी १९७३ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचं ते छोटंसं उत्तर आहे. आपल्याकडे बचतगट आहेत, भिश्या आहेत, सोसायटीतली मंडळं आहेत. हळूहळू गोधडीचे गटही निघतायत. त्यांना माझं सांगणं एवढंच: कापड शक्यतो घरातलं आणा, नियम मोजके ठेवा, आणि पाठीवर नाव घाला. शिवून घेत असाल, तर शिवणारणीचं नाव आधी.

वेळ आहे, एखादा प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, तुम्ही टंचाईचं कौतुक करताय असं वाटलं. गरिबी म्हणजे सौंदर्य, असं तर होत नाही ना?

उत्तर : चांगला प्रश्न आहे, ताई. नाही. जीज बेंडच्या बायकांना कुणी विचारलं असतं, की गरम घर हवं की सुंदर क्विल्ट, तर त्या काय म्हणाल्या असत्या हे सांगायला नको. टंचाई सगळ्या वस्तीत होती, पण प्रत्येक घरातला क्विल्ट थोर नव्हता. मी कौतुक करतोय ते निर्णयांचं. टंचाईने प्रश्न घातला, उत्तर माणसाने दिलं. आज आपल्यापुढे तो प्रश्न नसेल तर आनंदच आहे. मात्र मग आपला प्रश्न आपण शोधायला हवा; नुसती उत्तराची नक्कल करून भागत नाही. तिरकी पट्टी कापणं सोपं आहे हो. ती तिरकी का, हे सांगता आलं पाहिजे.

(टाळ्या)